बक्षीस जागेचं द्या, सोन्याचं नको

अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या वाळवंटात पुरलेलं धन शोधणारा अभ्यासू माणूस बहुतेक वेळ वाळवंटात नसतोच. तो कागदांत बुडालेला असतो. मेटल डिटेक्टर घेऊन टेकड्या पालथ्या घालणारा गडी आपल्या डोळ्यांपुढे चटकन येतो. पण या कामात मुरलेल्या माणसाचे दिवस जुनी वर्तमानपत्रं, वारसाहक्काच्या फायली, करआकारणीच्या वह्या आणि सरकारी भूमापनाचे नकाशे चाळण्यात जातात. अशा माणसाला काय समजायचं, चोर, वेडा की संशोधक, हा वाद ॲरिझोना, न्यू मेक्सिको, नेवाडा, युटा या राज्यांत जुना आहे. हा काही कुणाच्या खाजगी छंदाचा मामला नाही. नेवाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे आणि शेजारच्या राज्यांतही वाळवंटाचा मोठा हिस्सा सार्वजनिक आहे. म्हणजे जमीन सगळ्यांची, तिच्या पोटात जे असेल त्यातलं बरंचसं सगळ्यांचं, आणि ते कुठे असेल याचा अंदाज आलेला माणूस मात्र एकटा.

या माणसाशी कायदा चुकीचा वागतो, असं माझं ठाम मत आहे. त्याला खणू देत नाही, ते योग्यच. पण त्याला बोलतं करत नाही, हे अयोग्य. त्याने शोधलेली जागा त्याच्याकडून समजून घ्यावी आणि त्या सांगण्याचे पैसे त्याला द्यावेत, अशी तरतूद व्हायला हवी.

त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तरी काय? भूमापनाच्या कागदांचंच घ्या. एकोणिसाव्या शतकात जनरल लँड ऑफिसच्या, म्हणजे केंद्राच्या जमीन खात्याच्या, भूमापकांनी या मुलखाचा बराच भाग एकेक मैलाच्या चौकोनांत आखला. चौकोन ६४० एकरांचा. मोजणी साखळीने व्हायची. साखळी ६६ फुटांची, तिच्या १०० कड्या, आणि अशा ८० साखळ्यांचा मैल. भूमापक रेषेवरून चालत जायचा आणि वाटेत आडवं येईल ते वहीत टिपायचा: इतक्या साखळ्यांवर गाडीवाट ओलांडली, ती अमुक दिशेला जाते, इतक्या साखळ्यांवर कोरडा ओढा, रुंदी इतक्या कड्या, डावीकडे विहीर, त्यापुढे कुणाची तरी झोपडी. ती गाडीवाट आज पुसली गेली आहे, झोपडीची मातीही उरलेली नाही. पण चौकोनाचा कोपरा कायम आहे आणि वहीतला आकडाही कायम आहे. कोपऱ्यापासून तेवढं अंतर मोजलं की माणूस त्या नाहीशा झालेल्या वाटेवर जाऊन उभा राहतो. यातले बरेच नकाशे आता घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात. मला तरी या वह्यांइतकं थरारक दुसरं काही वाटत नाही. दीडशे वर्षांपूर्वी उन्हात चालणाऱ्या एका पगारी माणसाने नेमून दिलेलं काम म्हणून खरडलेली ओळ, आणि तिच्या आधारे अख्खी वस्ती पुन्हा जागेवर बसवता येते.

मग दुसरा कागद येतो. एखाद्या पशुपालकाने कळप विकल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आलेली असते. दोन-चार महिन्यांनी तो वारतो. न्यायालयात त्याच्या मालमत्तेची यादी होते. तिच्यात खोगीर असतं, चूल असते, उरलेली जनावरं असतात, रोकड मात्र नसते. पैसा गेला कुठे? अभ्यासू माणसाचा शोध इथून सुरू होतो. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको १९१२ साली राज्यं झाली. त्याआधीच्या काळात बँक दोन-दोन दिवसांच्या वाटेवर असायची, आणि असली तरी ती बुडाली की ठेवीदारही बुडायचा. बँकेतल्या ठेवींना सरकारी विमा मिळाला तो १९३४ पासून. त्यामुळे माणसं पैसा पुरायची. कुंपणाचा एक खांब उपसायचा, खड्ड्यात सोन्याच्या नाण्यांची बरणी ठेवायची, वर खांब पुन्हा रोवायचा. खांब असा निवडायचा की घराच्या खिडकीतून तो नजरेत राहील. खजिना शोधणाऱ्यांच्या भाषेत ही ‘पोस्टहोल बँक’. पुढे १९३३ मध्ये सरकारने नागरिकांना जवळचं बहुतेक सोनं जमा करायला फर्मावलं, तेव्हा ते लपवायला आणखी एक कारण मिळालं.

सोनं क्वचित सापडतं. पण ते शोधताना टपालाच्या घोडागाडीचा हरवलेला थांबा सापडतो, सैनिकांचा तळ सापडतो, बुजलेली विहीर सापडते, आणि कधी कधी या सगळ्याच्या कितीतरी आधीची, मूळ रहिवाशांनी कपारीत जपून ठेवलेली मडकी आणि टोपल्या. एखाद्या विद्यापीठाने वर्षानुवर्षं पैसा ओतून करावं असं काम हा माणूस पदरमोड करून करत असतो. आणि हे सगळं ज्ञान त्याच्याबरोबर संपतं, कारण ते उघड करण्यात त्याचा फायदा काहीच नाही. झालं तर नुकसानच.

कायदा काय म्हणतो पाहा. १९७९ च्या पुरातत्त्वीय संपदा संरक्षण कायद्यानुसार केंद्राच्या किंवा आदिवासी राष्ट्रांच्या (मूळ रहिवाशांच्या जमातींच्या) जमिनीवर किमान १०० वर्षं जुनी, पुरातत्त्वाच्या दृष्टीने मोलाची वस्तू परवान्याशिवाय खणून काढणं हा गुन्हा आहे. वस्तूंचं मूल्य आणि झालेली हानी मिळून ५०० डॉलरच्या वर गेली, तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि २०,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. ही १०० वर्षांची रेघ दरसाल एकेक वर्ष पुढे सरकते. मला या शिक्षेबद्दल तक्रार नाही; ती हवीच. पण याच कायद्यात बक्षिसाचंही कलम आहे, आणि ते कुणासाठी आहे? चोराची खबर देणाऱ्यासाठी. वसूल झालेल्या दंडाचा निम्मा भाग, कमाल मर्यादा ५०० डॉलर. म्हणजे शेजारी खणतोय असं कळवलं तर सरकार पैसे देतं. ‘इथे काहीतरी आहे, मी हात लावलेला नाही, येऊन पाहा,’ असं कळवलं तर मात्र या कायद्यात त्याच्यासाठी एक पैसाही नाही. राष्ट्रीय वनांमध्ये खजिन्याच्या शोधासाठी वेगळा परवाना मागता येतो, पण तोही खणण्यासाठीच. परवानगीने खणणारा कायद्याला माहीत आहे, परवानगीविना खणणाराही माहीत आहे. न खणता सांगणारा माणूस त्याच्या हिशेबातच नाही.

आणि न खणण्याला किती किंमत असते, याचं सर्वांत चांगलं उदाहरण वाळवंटातलं नाही, इंग्लंडच्या सफोक परगण्यातलं आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये हॉक्सन गावाजवळच्या एका शेतात एक गृहस्थ शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. डिटेक्टर वाजला आणि मातीतून रोमन नाणी निघू लागली. थोडी नाणी वर आल्यावर हे गृहस्थ थांबले. त्यांनी अधिकाऱ्यांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वज्ञांनी येऊन उरलेला साठा रीतसर उकरला. त्यात नाणी जवळपास १५,००० होती. पण ती एका लाकडी पेटीत ठेवलेली होती, आत आणखी लहान पेट्या होत्या आणि त्यांना चांदीची इवलीशी कुलपं होती, हे कळलं ते केवळ साठा जागच्या जागी मिळाला म्हणून. लाकूड कुजून गेलं होतं. मातीत उरली होती त्याची खूण. घाईघाईने पिशवीत भरलेल्या नाण्यांबरोबर ती खूण कधीच आली नसती. ब्रिटिश म्युझियमने या साठ्यासाठी १७.५ लाख पौंड मोजले आणि शोधणाऱ्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. पुढे १९९६ च्या ट्रेझर ॲक्टने तिथली पद्धत पक्की झाली: खजिना सापडला की १४ दिवसांत कळवायचं, तज्ज्ञांची समिती मोल ठरवते, आणि शोधणाऱ्याची वागणूक चुकली असेल तर बक्षीस कापलं जातं.

इंग्लंडची ही पद्धत उचलून वाळवंटात आणा, असं सांगणारे अमेरिकेत बरेच आहेत. मी त्यांच्यातला नाही, आणि इथे जरा थांबून विचार करायला हवा. इंग्लंडमधले बहुतेक शोध नांगरल्या जाणाऱ्या शेतात लागतात. तिथे नाणं मातीत राहिलं तर पुढच्या नांगरटीत मोडेल, खतांनी खाल्लं जाईल. ते वर काढणं म्हणजे वाचवणं असतं. वाळवंटात नेमकं उलटं आहे. कोरड्या कपारीतली टोपली शेकडो वर्षं टिकते. जमिनीवर घट्ट बसलेला खड्यांचा थर आणि काही भागांत सजीव मातीची नाजूक पापडी असते, ती एकदा फुटली की सावरायला कैक वर्षं लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, १९४२ ते १९४४ मध्ये, मोहावे वाळवंटात रणगाड्यांचा सराव झाला. त्या पट्ट्यांचे माग आजही दिसतात. अशा जमिनीत वाचवण्यासाठी खणण्याची वेळ क्वचितच येते. ओढ्याला पूर येऊन काठ ढासळत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी वस्तू जिथे आहे तिथेच ती सर्वांत सुरक्षित असते, फक्त तिची जागा नोंदलेली हवी.

म्हणून बक्षीस वस्तूवर लावायचंच नाही. ते जागेवर लावायचं, आणि जागा अस्पर्श असण्याच्या अटीवर लावायचं.

वस्तूवर पैसा लावला की काय होतं, हे मृत समुद्राच्या काठच्या वाळवंटाने दाखवून दिलं आहे. १९५२ मध्ये बेदुईन मेंढपाळांना कुमरानची चौथी गुहा सापडली आणि प्राचीन यहुदी हस्तलिखितांचे हजारो तुकडे बाजारात येऊ लागले. ते परदेशी विक्रेत्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून अधिकाऱ्यांनी चौरस सेंटिमीटरला साधारण एक पौंड असा भाव दिला. त्या भावामुळे तुकडे संग्रहालयात आले, हे मान्य करायलाच हवं. नाहीतर ते जगभर पांगले असते. पण विकत आलेल्या अनेक तुकड्यांबाबत ते कुठल्या गुहेतले, हे विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावरच अवलंबून राहिलं. त्याच वर्षी, तिथून जवळच्याच तिसऱ्या गुहेत, पुरातत्त्वज्ञांनी तांब्याची गुंडाळी शोधली. ती त्यांनी स्वतः जागेवर पाहिली, म्हणून ती त्या गुहेतली की नाही हा प्रश्नच उरला नाही. त्या गुंडाळीत साठाहून अधिक ठिकाणी पुरलेल्या सोन्या-चांदीची यादी आहे. १९६० च्या सुमारास तिच्या आधारे मोहीम काढून खोदकाम झालं. हाती काही लागलं नाही. यादीतलं सोनं खरं होतं की नव्हतं यावर आजही वाद चालतो. गुंडाळीच्या जागेवर कुणी वाद घालत नाही.

जागेची साक्ष नसली की खोटंही खपतं, आणि जागेची साक्ष नीट तपासली नाही तरीही खपतं. १९२४ मध्ये ॲरिझोनातल्या टुसॉनजवळ जुन्या चुनाभट्टीपाशी शिशाचे जड क्रूस मिळाले. त्यांवर लॅटिन मजकूर कोरलेला होता. आठव्या-नवव्या शतकात रोमन वंशाचे लोक इथे राज्य करत होते, असा त्याचा आशय. क्रूस कॅलिचीत रुतलेले होते. कॅलिची म्हणजे वाळवंटी जमिनीखाली चुन्याने धरलेला दगडासारखा कठीण थर. तो बनायला फार काळ लागतो, तेव्हा वस्तू जुनीच असणार, असं विद्यापीठातल्या जाणत्यांनाही काही काळ वाटलं. मग एका लॅटिनच्या अभ्यासकाने मजकूर वाचला, आणि त्यातली वाक्यं शाळेतल्या लॅटिन व्याकरणाच्या पुस्तकांतून घेतलेली निघाली. बनावट उघडी पडली ती कागदाच्या अभ्यासाने. डिटेक्टरच्या लोकांनी आणि पुरातत्त्वज्ञांनी एकमेकांची गरज ओळखावी, ती अशा कामासाठी.

पैशाचं आमिष दाखवलं की झुंडी येतील, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पण झुंडी आजही येतातच, आणि त्या येतात सोन्यासाठी. फीनिक्सच्या पूर्वेला सुपरस्टिशन डोंगर आहे. तिथली सोन्याची खाण जेकब वाल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाला ठाऊक होती, असं म्हणतात. तो १८९१ मध्ये वारला, खाण कुणालाच सापडली नाही, आणि तेव्हापासून लोक डोंगरात जातायत. १९३१ च्या उन्हाळ्यात ॲडॉल्फ रुथ नकाशा घेऊन गेले; सहा महिन्यांनी त्यांची कवटी मिळाली. २०१० च्या जुलैमध्ये तिघे जण गेले. त्यांचे अवशेष पुढच्या वर्षी सापडले. सुपरस्टिशनच्या संरक्षित भागात १९८४ पासून नवीन खाणीचा दावा करता येत नाही, तरी लोक थांबलेले नाहीत. आणि २०१० मध्ये रॉकी पर्वतात एका धनिकाने पेटी लपवून तिच्या खुणा कवितेत दिल्या, तेव्हा ती २०२० मध्ये मिळेपर्यंत निदान पाच जण जिवाला मुकले. हे सगळं वस्तूच्या आशेचं फळ आहे. जागेचं बक्षीस मिळवायचं तर आधी कागद सादर करावे लागतील: कुठल्या वहीतली कुठली नोंद, कुठला नकाशा, कुठली फाईल. ते नसेल तर अर्ज दाखलच करून घ्यायचा नाही. भर जुलैत एका ऐकीव कहाणीवर डोंगर चढणाऱ्या माणसाला हा रस्ता बंद असेल, आणि तो बंदच असावा.

खणण्याची घाई शोधणाऱ्याचंच किती नुकसान करते, हे न्यू मेक्सिकोतल्या व्हिक्टोरिओ पीकवर दिसतं. १९३७ मध्ये डॉक नॉस नावाच्या माणसाने त्या टेकडीच्या पोटात सोन्याच्या विटा पाहिल्याचं सांगितलं. दोन वर्षांनी वाट रुंद करायला सुरुंग लावला, आणि वाटच ढासळून बंद झाली. नॉस १९४९ मध्ये गोळी लागून मेला. ती जागा पुढे व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या हद्दीत आली, १९७७ मध्ये सैन्याने काही दिवस शोध घेऊ दिला, नव्वदच्या दशकात पुन्हा खटाटोप झाला, हाती काहीच आलं नाही. आत विटा होत्या, की फक्त बढाई होती? सुरुंगाच्या आधी कुणी जाणता माणूस आत उतरून पाहू शकला असता, तर एवढी वर्षं, एवढी माणसं आणि एवढा पैसा त्यात गेला नसता.

याहून जड आक्षेप मूळ रहिवाशांचा आहे. हा मुलूख अपाची, होपी, नवाहो, तोहोनो ओओदाम अशा लोकांचा. त्यांच्या पूर्वजांच्या दफनभूमीला आणि पूजास्थानांना ‘सापडलेली जागा’ म्हणून पैसे मोजणं मला मुळीच मान्य नाही. १९९० च्या कायद्याने पूर्वजांच्या अस्थींवर आणि दफनातल्या वस्तूंवर त्यांचा हक्क मान्य केला आहे. तेव्हा अशी जागा निघाली तर तिथे बक्षीस शून्य असावं, कळवणं मात्र सक्तीचं, आणि पुढे काय करायचं हे त्या त्या राष्ट्राने ठरवावं. यात शोधणाऱ्याचं नुकसान होतं, होऊ दे. काही जागा कुणाच्याच अभ्यासाचा विषय नसतात.

नुसत्या धाकाने काय साधतं, तेही पाहायला हवं. जून २००९ मध्ये युटातलं ब्लँडिंग गाव आणि आसपासच्या भागात केंद्रीय यंत्रणांनी एकाच दिवशी छापे घातले. २४ जणांवर आरोप ठेवले गेले. पुरावा मुख्यतः एका पगारी खबऱ्याने जमवला होता. पुढच्या काही महिन्यांत दोन आरोपींनी आणि त्या खबऱ्यानेही आत्महत्या केली. ज्यांनी थडगी फोडली त्यांच्याबद्दल मला सहानुभूती नाही. पण अशा गावात, ज्याने काहीच चोरलं नाही, फक्त एक जागा पाहिली आहे, तो माणूस सरकारी कचेरीची पायरी कशाला चढेल? ओळखीचा खबरी निघू शकतो, हे त्याने पाहिलेलं असतं. तो गप्प बसतो, आणि ती जागा उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी फावड्याखाली येते.

यंत्रणा नव्याने उभी करावी लागणार नाही. सापडलेल्या जागांचे पत्ते गुप्त ठेवण्याची तरतूद १९७९ च्या कायद्यातच आहे. नोंद केली म्हणून पत्ता फुटत नाही. ॲरिझोनात प्राचीन जागांवर लक्ष ठेवणारे प्रशिक्षित स्वयंसेवक आहेत; सामान्य माणसावर अशी जबाबदारी सोपवता येते, हे त्यांनी सिद्ध केलं आहे. केंद्रीय कायदा बदलायला काळ लागेल, म्हणून सुरुवात राज्याने करावी. ॲरिझोनाकडे सुमारे ९० लाख एकर राज्य न्यास जमीन आहे, आणि राज्याच्या जमिनीवरच्या पुरातत्त्वीय कामाचे परवाने ॲरिझोना स्टेट म्युझियम देतं. त्याच म्युझियमने अर्ज घ्यावेत. अर्जासोबत कागदपत्रं, जागेचे अक्षांश-रेखांश आणि लांबून घेतलेली छायाचित्रं असावीत. पुरातत्त्वज्ञाने तिथे जाऊन पाहावं. ताजा खड्डा दिसला तर अर्ज बाद, आणि प्रकरण पोलिसांकडे. जागा अस्पर्श असेल आणि नोंदीत नसेल, तर ठरलेली रक्कम द्यावी, मग तिथे सोन्याची बरणी असो की नुसती बुजलेली विहीर. रक्कम दोन्हींना सारखीच हवी. विहिरीला कमी ठरवली, तर शोधणारा आधी खणून खात्री करायला लागेल. शोधणाऱ्याचं नाव नोंदीत यावं, त्याची इच्छा असेल तर. बाजारात त्या नाण्यांचे जे पैसे आले असते, त्यांच्या जवळपासही ही रक्कम जाणार नाही, आणि निव्वळ लोभाने येणारा माणूस तिच्यासाठी येणारही नाही. पण आज कुणाच्या तरी कपाटात भूमापनाच्या वह्यांच्या नकला, खुणा केलेले नकाशे, वर्तमानपत्रांची कात्रणं वर्षानुवर्षं पडून आहेत. ती घेऊन म्युझियमच्या दारात यायला त्या माणसाला तेवढी रक्कम आणि अटक होणार नाही असा शब्द पुरेसा आहे. पहिल्या टप्प्यात एखाद्या परगण्यापुरती पाच वर्षं ही योजना चालवावी, आणि त्या काळात किती नव्या जागा नोंदल्या गेल्या, किती चोरटे खड्डे पडले, हे दोन्ही आकडे दरसाल जाहीर करावेत. खड्डे वाढले तर योजना बंद करावी. त्यासाठी पाच वर्षं थांबायचंही कारण नाही.